दोन ‘ने’ : माउस, रिमोट आणि बोट



आजचा विषय फळ्यावर वाचून दोघा-तिघांनी आम्हांला रस्त्यातच थांबवलं. “सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे. हे व्हिडिओ गेमचं कुठून काढलंत?” प्रश्न रास्त आहे. उत्तर असं की आमच्या घरात भांडण झालं आणि पंच म्हणून आम्हांला बसवलं.

मे महिन्याच्या सुट्टीत पुण्याचा नातू, म्हणजे मुलीचा मुलगा, आपला कन्सोल घेऊन कुरुंदवाडला आला. इथला नातू, मुलाचा मुलगा, कॉम्प्युटरवर खेळतो. जयसिंगपूरहून जुने भाग आणून जोडलेलं यंत्र आहे, पण चालतं. हल्ली कन्सोलवाला आणि कॉम्प्युटरवाला एकाच मैदानात समोरासमोर उतरू शकतात. दोघं उतरले. तिसऱ्या दिवशी माडीवरून आरडाओरडा. इथला म्हणत होता, “त्याचा रिमोट त्याला नेम धरून देतो, ही चीटिंग आहे.” गेमपॅडला आमच्याकडची पोरं सरळ रिमोट म्हणतात, आम्हीही तेच म्हणू. पुण्याचा म्हणत होता, “आजोबा, याच्याकडे माउस आहे. माउसवाल्याशी रिमोटने खेळायचं म्हणजे मोटारसायकलशी सायकलने शर्यत.” दोघांनी बोलणं टाकलं. गल्लीतला एक मुलगा मागे उभा राहून बघत असायचा. त्याच्याकडे फक्त मोबाईल. तो हळूच म्हणाला, “सर, आमचं तर बोटच आडवं येतंय.”

आम्ही निकालासाठी मुदत मागून घेतली. न पाहता निकाल देणं आमच्या धंद्यात बसत नाही. तिन्ही साधनं हातात घेतली, पुष्कळ वेळा मेलो, थोडं वाचलं. आजचं व्याख्यान म्हणजे तो निकाल, कारणांसह.

तृतीयेचा घोळ

सुरुवात व्याकरणापासून करू. शाळेत आपण तृतीया विभक्ती घोकली : ने, ए, शी. आता हे वाक्य बघा. ‘रामाने बाणाने रावणाला मारलं.’ यात ‘ने’ दोनदा आलाय. पहिला रामाला लागलाय, तो कर्ता. दुसरा बाणाला लागलाय, ते करण, म्हणजे साधन. प्रत्यय एकच, काम वेगळं. पाणिनीने हा घोळ ओळखला होता. क्रियेत जो स्वतंत्र असतो त्याला त्याने कर्ता म्हटलं, आणि क्रिया सिद्धीस नेण्यात जे सर्वांत जास्त उपयोगी पडतं त्याला करण. बाण कितीही चांगला असो, कुठे मारायचं हे बाण ठरवत नाही.

आता वाक्य बदलू. ‘नातवाने माउसने गडी टिपला.’ इथेही दोन ‘ने’ आहेत. आमच्या माडीवरचं भांडण एवढंच होतं की या दोन ‘ने’पैकी कोणत्या ‘ने’ने किती काम केलं. हा प्रश्न हातात धरून एकेक साधन पाहू.

बटण : हो किंवा नाही

1962 साली अमेरिकेत एम.आय.टी.मध्ये काही तरुणांनी पीडीपी-1 या संगणकावर ‘स्पेसवॉर’ नावाचा खेळ तयार केला. दोन यानं, एकमेकांवर मारा. खेळायचं कशाने? यंत्राच्या तोंडावर जे खटके होते त्यांनीच. पण त्या खटक्यांशी बसलं की कोपर दुखायचं, आणि दोघांपैकी एकाला पडदा तिरका दिसायचा. म्हणून ॲलन कोटोक आणि बॉब सॉन्डर्स यांनी दोन सुटे डबे बनवले, प्रत्येक खेळाडूला एक. म्हणजे बघा, खेळासाठी वेगळं साधन बनलं त्यामागे ‘मला कमी दिसतंय, हे बरोबर नाही’ ही तक्रारही होती. आमच्या नातवांनी भांडून काही नवीन केलेलं नाही.

कीबोर्ड मात्र खेळासाठी जन्मलेला नाही. त्याच्या इंग्रजी अक्षरांची मांडणी 1870च्या दशकातल्या टाइपरायटरवरून आली. त्याचं बटण दोनच गोष्टी जाणतं : दाबलं किंवा नाही दाबलं. याचा फायदा असा की बटणं शंभराच्या आसपास आहेत. बंदूक बदलायला एक, दार उघडायला एक, उडी मारायला एक. घोटाळा होत नाही. तोटा असा की मधलं काही नाही. आम्ही मोटारींचा खेळ कीबोर्डवर खेळून पाहिला. स्टिअरिंग एक तर पूर्ण डावीकडे, नाहीतर सरळ. पहिल्याच वळणावर आम्ही झाडात. शिवाय स्वस्त कीबोर्डवर तीन-चार बटणं एकदम दाबली तर एखादं पोचतच नाही. आतल्या तारा उभ्या-आडव्या ओळींत विणलेल्या असतात, त्यामुळे काही जोड्या यंत्राला वेगळ्या ओळखता येत नाहीत. पोरगं म्हणतं “मी दाबलं होतं”, आणि ते खरं बोलत असतं.

मापटं आणि तोटी

आता खरी लढत, माउस आणि रिमोटवरची काडी. काडी म्हणजे अंगठ्याने फिरवायची ती छोटी दांडी.

माउसचा पहिला नमुना 1964च्या सुमारास डग्लस एंगेलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी बनवला. लाकडाची पेटी, खाली दोन चाकं. 9 डिसेंबर 1968 रोजी सॅन फ्रान्सिस्कोत तो लोकांपुढे आला. खेळात त्याला मान मिळाला तो 1996च्या ‘क्वेक’ या खेळानंतर. त्यात वर-खालीही बघावं लागे. डेनिस फॉंग हा खेळाडू डावा हात डब्ल्यू, ए, एस, डी या चार बटणांवर आणि उजवा माउसवर ठेवून खेळायचा. 1997च्या एका स्पर्धेत त्याने बक्षीस म्हणून फेरारी गाडी जिंकली आणि ही बैठक जगभर रूढ व्हायला त्याचा मोठा हातभार लागला. आमचा इथला नातू तसाच बसतो, कुणी शिकवलेलं नसताना.

दुसरीकडे निन्टेन्डोचे गुनपेई योकोई यांनी 1982 साली अधिक चिन्हासारखं दिशाबटण आणलं. 1996 साली निन्टेन्डो 64च्या रिमोटवर अंगठ्याची काडी आली, 1997 साली सोनीने दोन काड्या दिल्या. एकीने चालायचं, दुसरीने बघायचं. आजचे बहुतेक रिमोट त्याच घाटाचे.

दोघांतला मूळ फरक घरच्या उदाहरणाने सांगतो. धान्य मापट्याने मोजता तेव्हा हात जेवढा चालला तेवढं धान्य पडतं. हात थांबला, धान्य थांबलं. माउस म्हणजे मापटं. हात चार बोटं सरकला की नजर तेवढी वळली, आणि तिथेच थांबली. आता नळाची तोटी घ्या. तोटी जेवढी उघडाल तेवढ्या वेगाने पाणी येतं. बरोबर एक तांब्या पाणी हवं असेल तर उघडायचं, वाट पाहायची आणि नेमक्या क्षणी बंद करायचं. काडी म्हणजे तोटी. ती किती वळायचं हे सांगत नाही, किती वेगाने वळायचं हे सांगते. थांबायचा क्षण चुकला की नेम लक्ष्याच्या पलीकडे जातो, मग मागे आणायचा, मग पुन्हा पुढे. आमचा पहिला आठवडा या हेलकाव्यांत गेला.

यावर शास्त्रही आहे. 1954 साली पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञाने दाखवलं की लक्ष्यावर हात न्यायला लागणारा वेळ दोन गोष्टींवर ठरतो : अंतर किती आणि लक्ष्य केवढं. लांब आणि लहान असेल तर वेळ जास्त. 1978 साली स्टुअर्ट कार्ड, तेच बिल इंग्लिश आणि बेट्टी बर या झेरॉक्सच्या संशोधकांनी माउस, जॉयस्टिक आणि बटणं घेऊन पडद्यावरचा मजकूर निवडायला किती वेळ लागतो ते मोजलं. माउस पहिला आला. पण आम्हांला मोलाची वाटते ती पुढची गोष्ट. माउसचा वेग हा जवळजवळ हाताच्याच मर्यादेइतका निघाला. म्हणजे उशीर होत होता तो हाताचा, माउसचा जवळपास नाहीच. फ्रेंच तत्त्वज्ञ मर्लो-पाँती यांनी अंध माणसाच्या काठीचं उदाहरण दिलंय. सवय झाल्यावर त्याला हातात काठी लागत नाही, काठीच्या टोकाला रस्ता लागतो. चांगलं करण असं दिसेनासं होतं.

काडीची अडचण बनवणाऱ्यांना ठाऊक आहे. म्हणून नेम धरायच्या खेळांत रिमोटवाल्याला आतून मदत दिलेली असते. लक्ष्याजवळ नजर आली की तिचा वेग आपोआप कमी होतो, कधी ती किंचित ओढलीही जाते. 2001च्या ‘हेलो’नंतर कन्सोलवर असे खेळ जोरात चालले, त्यात या मदतीचा वाटा मोठा. तेव्हा इथला नातू खोटं बोलत नव्हता. रिमोट खरोखर थोडा नेम धरून देतो. आणि पुण्याचाही खोटं बोलत नव्हता. मदत काढून घेतली तर एका अंगठ्याची लढत मनगट, कोपर आणि खांदा यांच्याशी होते.

पण नेम म्हणजे सगळा खेळ नव्हे. काडीला मधल्या सगळ्या छटा कळतात. हळू चाला, जरा भरभर चाला, पळा. मागचे खटके अर्धे दाबता येतात, म्हणून मोटार हळूहळू वेग घेते. फुटबॉल, मोटारी, उड्या मारत जायचे खेळ रिमोटवर सुखाचे होतात. खाटेवर लोळून खेळता येतं. गाडी खडबडीत रस्त्यावर गेली की हातात थरथर येते. म्हणजे साधन उलट बोलतंही. एक दोष मात्र सांगून ठेवतो. बऱ्याच रिमोटांत काडीखाली जे भाग असतात ते जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणाच्याच जातीचे. रेडिओ जुना झाला की बटण फिरवताना खरखर यायची, आठवतं? तसंच इथे झिजतं, आणि काडीला हात न लावता गडी आपोआप एका बाजूला चालू लागतो. चुंबकावर चालणाऱ्या काड्या निघाल्यात, त्यांत ही घासाघीस नाही.

आडवं येणारं बोट

आता गल्लीतल्या मुलाकडे येऊ. आपल्या भागातल्या बहुतेक घरांत कॉम्प्युटर नाही, कन्सोल तर नाहीच, पण मोबाईल आहे. 2016 साली जिओ आल्यावर इंटरनेट स्वस्त झालं, 2018 साली पब्जी मोबाईल आलं, आणि कट्ट्याकट्ट्यावर पोरं माना खाली घालून बसली. सप्टेंबर 2020 मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली, जुलै 2021 मध्ये तेच नव्या नावाने परत आलं.

टाइपिंग शिकलेल्यांना आठवत असेल, एफ आणि जे या बटणांवर बारीक उंचवटा असतो. बोटाला जागा कळते, डोळा कागदावर राहतो. काचेवर उंचवटा नाही. बोट सरकलं की कळत नाही, म्हणून डोळ्याला बोटावर पहारा द्यावा लागतो. त्यात ज्या काचेवर बघायचं तीच बोटाने झाकायची. ‘बोट आडवं येतंय’ यापेक्षा नेमकी टीका आम्ही कुठे वाचलेली नाही.

तरी पोरांनी वाट काढली. फोन टेकवून चार बोटांचा पंजा करून खेळतात, दोन अंगठे खाली, दोन तर्जन्या वर. आणि काही जण फोनच तिरका करून नेम धरतात. फोनमध्ये हालचाल ओळखणारा भाग असतो. फोन जेवढा वळवला तेवढी नजर वळते. लक्षात आलं का? हे पुन्हा मापटं झालं. ज्याच्याकडे माउस नव्हता त्याने सगळ्या फोनचाच माउस केला.

त्या खेळात आणखी एक व्यवस्था होती, ती आमच्या निकालाला उपयोगी पडली. कुणी तोच खेळ कॉम्प्युटरवर कीबोर्ड-माउसने खेळू लागला तर त्याची गाठ तशाच खेळाडूंशी घातली जायची. बोटवाले बोटवाल्यांशी. आपण कोल्हापूरकरांना हे समजावून सांगायला नको. तालमीत ताकद सगळ्यांचीच असते, तरी कुस्ती वजनगटात लावतात.

पेटीवरची बंदी

आता थोडं गावाकडे वळतो, विषय सोडून नाही. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर 1872 साली याच कुरुंदवाडात जन्मले, आणि मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले. मिरज म्हणजे तंबोरे-सतारींचं गाव. आपल्या या टापूत साधन आणि कला यांचा वाद जुना आहे, आणि तो झाला पेटीवरून.

पेटी म्हणजे हार्मोनियम. तिची पट्टी दाबली की ठरलेला सूर. दोन सुरांच्या मधली जागा नाही, म्हणून मींड नाही. गळा आणि सारंगी या सुरावरून त्या सुरावर सरकत जातात, पेटीला उडी मारावी लागते. एक बटण, एक काडी. याच कारणांनी 1940 साली आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली. ती अंशतः उठायला 1971 साल उजाडलं. बंदी घालणाऱ्यांनी दाखवलेली उणीव खरी होती. पण त्यांनी करणाकडे पाहिलं, कर्त्याकडे पाहायचं राहिलं. त्याच पेटीवर आपल्या कोल्हापूरच्या गोविंदराव टेंब्यांनी गळ्यातली गायकी आणली होती. 1911 सालच्या ‘मानापमान’ला संगीत त्यांचंच. पुढे ठाण्याच्या डॉ. विद्याधर ओकांनी बावीस श्रुतींची पेटी घडवली, म्हणजे साधनच सुधारलं.

आम्ही नातवाच्या मागे उभं राहून त्याचे हात पाहिले तेव्हा पेटीवालाच आठवला. त्याचा एक हात पट्ट्यांवर, तिथे हो किंवा नाही. दुसरा हात भात्यावर, तिथे हवेच्या सगळ्या छटा. नातवाचा डावा हात बटणांवर, उजवा माउसवर. विभागणी तीच.

रेघ कुठे ओढायची

मग चीटिंग कशाला म्हणायचं? 2024 सालचं एक उदाहरण घेऊ. ‘काउंटर-स्ट्राइक’ या खेळात पळता पळता नेमकं थांबून गोळी झाडावी लागते. त्यासाठी डावीकडचं बटण सोडायचं आणि त्याच क्षणी उजवीकडचं टोचायचं. जरा उशीर झाला तर नेम हलतो. वर्षानुवर्षांच्या सरावाने येणारी ही गोष्ट. मग असे कीबोर्ड निघाले की पहिलं बटण सोडलं नाही तरी दुसरं दाबताच कीबोर्ड स्वतः पहिलं सोडून देतो. त्या वर्षी ऑगस्टमध्ये खेळ बनवणाऱ्या व्हॉल्व्हने जाहीर केलं की आमच्या सर्व्हरवर हे चालणार नाही, सापडलात तर खेळातून बाहेर.

आम्हांला हा निर्णय पटला, कारण त्यात दोन ‘ने’ वेगळे केलेत. कीबोर्ड वेगाने निरोप पोचवत असेल तर ते करण. सोडायचा क्षण हाताऐवजी कीबोर्ड पाळू लागला की तो कर्त्याच्या जागेवर बसला. आमची रेघ ती : साधनाने हाताचा निर्णय न्यावा, हाताच्या जागी निर्णय घेऊ नये.

या रेघेवर रिमोटची मदत कुठे पडते? खरं सांगायचं तर अगदी रेघेवर. ती थोडं कर्त्याचं काम करते. पण ती लपवलेली नाही, आणि रिमोटवाल्या सगळ्यांना सारखीच आहे. म्हणून रिमोटवाले आपापसांत खेळतात तेव्हा अन्याय नाही. माउसवाल्यासमोर मात्र ती नुकसानभरपाई ठरते, आणि भरपाई किती द्यावी यावर दोन्ही पक्षांचं कधी एकमत होत नाही.

या रेघेला एक माणुसकीची पुस्ती जोडली पाहिजे. आमच्या उजव्या अंगठ्यात संधिवात आहे. काडी दहा मिनिटं फिरवली की ठणका लागतो. आम्ही म्हातारपणाने थांबलो, पण काहींचे हात जन्मतःच किंवा अपघाताने चालत नाहीत. 2018 साली मायक्रोसॉफ्टने एक रिमोट काढला. त्यावर दोन मोठी बटणं आणि मागे खाचांची रांग. खाचेत हवं ते जोडायचं : पायाचं बटण, हनुवटीने दाबायचं बटण, मोठी दांडी. अशा साधनाने हाताचं कितीही काम उचललं तरी आम्ही त्याला चीटिंग म्हणणार नाही. कधी दाबायचं हे त्या माणसानेच ठरवलंय. पहिला ‘ने’ पूर्ण त्याचा आहे.

निकाल

निकाल असा दिला. एक, नंबर लागणाऱ्या सामन्यात माउस माउसशी, रिमोट रिमोटशी, बोट बोटाशी. दोन, घरात खेळताना दर डावाला साधनं बदलायची. तीन, गल्लीतला मुलगा मागे उभा राहणार नाही, त्याचीही पाळी.

पहिल्या डावात पुण्याच्या नातवाने माउस असा फिरवला की त्याला सगळा वेळ आभाळच दिसत होतं. इथल्याने रिमोट घेतला आणि थेट नदीत गेला. दोघं हसले, तिथेच अबोला संपला. गल्लीतल्या मुलाने रिमोट घेतला आणि बराच वेळ कुणाशी लढलाच नाही, नुसता चालत राहिला. आम्ही विचारलं, “काय रे, काय झालं?” म्हणाला, “सर, यात हळू चालता येतंय.” इतके दिवस बटणांवर पळणाऱ्या आमच्या नातवाने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

व्याख्यानाआधी एका पालकांनी विचारलं होतं, “मग सर, पोराला घेऊन काय द्यावं?” ते सांगून थांबतो. नेम धरायचे आणि सैन्य मांडायचे खेळ असतील तर साधा चांगला माउस. मोटारी, फुटबॉल, उड्यांचे खेळ असतील तर रिमोट, तोही काडी झिजली तर बदलून मिळेल असा. तो पुष्कळदा कॉम्प्युटरला आणि फोनलाही जोडता येतो, म्हणून एकच घ्यायचं असेल तर तो. बुद्धिबळ आणि कोडी असतील तर घरातला फोन पुरे, काही घेऊ नका. आणि घेण्याआधी पोराचा हात एकदा नीट बघा, अंगठा केवढा आहे, कुठे दुखतं का. साधन दुकानातलं असतं, पण कर्ता आपल्या घरातला असतो.